नैनितालचा बेत आणि आजोबांचा दम

पुण्यातल्या एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमधला रविवार. दुपारची जेवणे उरकली आहेत आणि टेबलावर वही उघडून नैनितालच्या सहलीचा बेत चालला आहे. मुलाने तीन दिवसांत अकरा ठिकाणे बसवली आहेत. सुनेने गरम कपड्यांची यादी केली आहे, आजींनी दशम्या, चिवडा आणि लाडवांची. नातीने गाडीतली खिडकीची जागा आधीच मागून ठेवली आहे. आजोबा अडुसष्ट वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, मधुमेह जुनाच. मुलगा विचारतो, "बाबा, झेपेल ना तुम्हाला?" आजोबा म्हणतात, "मला काय धाड भरलीये? रोज पर्वती चढतो मी." विषय तिथेच संपतो. तेवढ्यात नात सहज बोलून जाते, "पण आजोबा, हल्ली तुम्ही मधे दोनदा बसता."

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. गेल्या दिवाळीत न थांबता चढणारा माणूस आता त्याच पायऱ्यांवर दोनदा बसतो, ही या सहलीच्या आखणीतली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. वहीत मात्र तिला कुठेच जागा मिळालेली नाही.

थंड हवेच्या ठिकाणी जाताना हॉटेल, गाडी आणि पाहण्याच्या जागा यांचा विचार बारकाईने होतो. आपल्यातल्या सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाचे शरीर तिथे कसे वागेल, याचा विचार सहसा होत नाही. तो केला तर बहुतेकांना सहल रद्द करावी लागत नाही, थोडी बदलावी लागते.

उंची किती, हवा किती

नैनितालचे तळे समुद्रसपाटीपासून १९३८ मीटर उंचीवर आहे आणि गावाचा बराचसा भाग त्याहून वर, डोंगरउतारावर वसलेला आहे. तुलनेसाठी, पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. नैनितालला जाणारे रेल्वेने ज्या काठगोदाम स्थानकावर उतरतात, ते जवळपास पुण्याच्याच उंचीवर आहे. म्हणजे पुढच्या सुमारे ३४ किलोमीटरच्या घाटात गाडी जवळजवळ १४०० मीटर चढते.

वर गेल्यावर हवेतले प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असा समज आहे. ते प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. नैनितालच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साधारण चार पंचमांश राहतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत जाणारा प्राणवायू तेवढ्या प्रमाणात घटतो. निरोगी शरीर ही तूट भरून काढते. श्वास किंचित खोल आणि जलद होतो, नाडी थोडी वाढते आणि एक-दोन दिवसांत गाडी रुळावर येते. पहिल्या रात्री झोप नीट न लागणे किंवा चढावर लवकर धाप लागणे यात घाबरण्यासारखे काही नाही.

डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे अशी लक्षणे असलेला उंचीचा आजार सहसा २५०० मीटरच्या वर मुक्काम केल्यावर होतो. लेहला, म्हणजे सुमारे ३५०० मीटरवर विमानाने थेट उतरणाऱ्यांनी त्याची काळजी घ्यायलाच हवी. नैनितालसाठी मात्र उंचीवरच्या गोळ्या सरसकट सगळ्यांनी घेण्याचे कारण नाही.

आपल्याकडे अनेक जण अशा सहलीत कापराची पुरचुंडी नेतात. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण त्याने रक्तातला प्राणवायू वाढतो याला आधार नाही. उलट लहान मुलाने कापराची वडी खडीसाखर समजून तोंडात टाकली, तर झटके येऊ शकतात. घरात लहान मूल असेल तर ही पुरचुंडी घरीच राहिलेली बरी.

कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटरही अनेकांच्या सामानात असते. पुण्यात ९८ दाखवणारे यंत्र तिथे ९३ ते ९५ दाखवू लागले की घर हवालदिल होते. या उंचीवर निरोगी माणसातही एवढा फरक पडू शकतो. शिवाय बोटे गार असतील तर आकडा चुकतो. हात चोळून, ऊब आणून, पाच मिनिटे शांत बसून मग मोजावे. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहणे महत्त्वाचे. बसल्या जागी धाप लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा काहीही असो, रुग्णालय गाठावे.

पायऱ्यांची परीक्षा

तूट भरून काढायला शरीरात शिल्लक लागते. ज्यांची शिल्लक आजाराने आधीच खर्ची पडली आहे, त्यांना नैनितालसारखी मध्यम उंचीही जाणवते. हृदय अशक्त असलेले, जुना दमा किंवा धूम्रपानाने फुप्फुसे निकामी होत आलेले आणि रक्त कमी असलेले लोक यात येतात. सिकलसेलच्या रुग्णांनी तर विशेष जपावे. विदर्भात आणि नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. कमी प्राणवायू, थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की या रुग्णांमध्ये तीव्र वेदनांचा झटका सुरू होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोंगरातला बेत पक्का करू नये.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. दोन मजले नेहमीच्या वेगाने, न थांबता चढता येतात का? छातीत जड न होता, फार धाप न लागता चढता येत असतील आणि ही क्षमता गेल्या काही महिन्यांत कमी झालेली नसेल, तर स्थिर हृदयविकार असलेल्या बहुतेक लोकांना एवढ्या उंचीचा प्रवास झेपतो. क्षमता अलीकडे घटली असेल, तर आधी कारण शोधायचे. मधुमेहींच्या बाबतीत हे अधिकच खरे, कारण त्यांच्यात हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखेलच असे नाही. अनेकदा नुसती धाप लागते आणि ती वयाच्या खात्यावर टाकली जाते.

आपल्या चित्रातल्या आजोबांना मुलगा सोमवारीच डॉक्टरांकडे घेऊन गेला, असे समजू. हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी पूर्वीसारखीच निघाली. बदलले होते ते रक्त. हिमोग्लोबिन साडेआठवर आले होते. पुरुषात ते १३ च्या वर असायला हवे. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. सहलीत गुडघ्यांनी दगा देऊ नये म्हणून आजोबा दोन महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होते. स्टेंट बसवल्यानंतरच्या, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या आधीपासून चालू होत्याच. दोहोंच्या एकत्र परिणामाने जठरातून थोडे थोडे रक्त जात होते. शौच काळी होत होती, पण ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्या. गाड्या तिसऱ्या हिश्शाने कमी झालेल्या असताना हवाही विरळ मिळाली, तर ती तूट हृदयाला धावून भरावी लागते. ज्या हृदयात आठ महिन्यांपूर्वी स्टेंट बसला आहे, त्याला चढाच्या रस्त्यावर असे धावायला लावणे धोक्याचे. गुडघेदुखीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. गुठळीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी चालूच ठेवल्या आणि जठरासाठी उपचार सुरू केले. या गोळ्या आपल्या मनाने थांबवल्या तर स्टेंट बंद पडून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे अशा प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. मेमधली सहल ऑक्टोबरमध्ये गेली.

घाट आणि गाडी लागणे

दिल्लीहून रात्रीच्या रेल्वेने निघालेला माणूस पहाटे काठगोदामला उतरतो, उपाशीपोटी किंवा स्थानकावर भजी-पराठे खाऊन गाडीत बसतो आणि वळणे सुरू होतात. आतला कान मेंदूला सांगतो की शरीर हलते आहे, हातातल्या मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सारे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ येते, हेच गाडी लागणे. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो.

ज्याला गाडी लागते, त्याला शक्यतो पुढच्या बाजूला बसवावे, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवायला सांगावी, मोबाइल आणि पुस्तक बंद. पोट पूर्ण रिकामे नको आणि तुडुंबही नको. आलेपाक चघळल्याने काहींना बरे वाटते. गोळी घ्यायची असेल तर ती घाट सुरू होण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतूनच बाहेर पडते. या गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना त्यांपैकी काहींमुळे लघवी अडू शकते आणि दोन वर्षांखालील मुलांना त्या देऊ नयेत. म्हणून आधी विचारून घ्याव्यात.

मधुमेहींसाठी या घाटात वेगळाच धोका असतो. सकाळचे इन्सुलिन किंवा गोळी घेतली, नाश्ता उलटीत गेला आणि गाडी कोंडीत अडकली, तर साखर झपाट्याने उतरते. अशा वेळी घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे प्रवासाचा शीण म्हणून दुर्लक्षित होतात. जेवण समोर आल्यावरच औषध घेण्याची व्यवस्था डॉक्टरांशी बोलून ठरवावी आणि साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावे, वर बांधलेल्या बॅगेत नव्हे.

रक्तदाबाचे अनेक रुग्ण वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी गुपचूप टाळतात आणि पाणीही कमी पितात. गोळी टाळण्यापेक्षा तिची वेळ बदलता येते का, हे विचारावे.

बंद खोलीतली शेगडी

उंची आणि घाटापेक्षाही गंभीर धोका हॉटेलच्या खोलीत असू शकतो. जानेवारीत नैनितालला रात्रीचे तापमान शून्याच्या जवळ येते. खोलीत कोळशाची शेगडी मागवली जाते, दारे-खिडक्या गच्च लावल्या जातात आणि कुटुंब झोपते. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही, निखारे विझत आल्यासारखे वाटतात, पण वायू तयार होतच राहतो.

सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर, सुस्ती. नेमकी हीच लक्षणे उंचीची किंवा प्रवासाच्या थकव्याची समजली जातात आणि माणूस औषध शोधण्याऐवजी पांघरूण ओढून घेतो. ऑक्सिमीटरही इथे फसवते. नेहमीच्या यंत्राला प्राणवायू घेतलेले आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, म्हणून बेशुद्धीकडे चाललेल्या माणसाच्या बोटावरही ते ९७ दाखवू शकते.

एका खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर संशय याच वायूचा धरावा. सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला लवकरात लवकर प्राणवायू मिळणे हाच उपचार आहे.

पुण्या-नाशिककडच्या घरांत गॅसचा गीझर परिचयाचा आहे आणि लहान, कोंदट न्हाणीघरात त्याने घेतलेले बळीही आपण वर्तमानपत्रांत वाचतो. हॉटेलची खोली ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. खोलीत विजेचा हीटर मिळेल का? आणि न्हाणीघरातला गीझर विजेचा आहे की गॅसचा? शेगडी मागवलीच तर जागे असेपर्यंत, खिडकी थोडी उघडी ठेवून वापरावी आणि झोपण्यापूर्वी निखाऱ्यांसह खोलीबाहेर काढावी.

थंडी, पाणी आणि नाव

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. म्हणून हृदयरोग्यांनी सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे चढण चढू नये. ऊन वर आल्यावर, नाक-तोंड मफलरने झाकून चालावे. दमेकऱ्यांनाही गार, कोरड्या हवेचा त्रास होतो. रोजचा इन्हेलर सहलीत एक दिवसही चुकवू नये आणि तातडीचा इन्हेलर अंगावरच्या खिशात असावा.

नैनितालचे पिण्याचे पाणी मुख्यतः तळ्याच्या काठावरच्या विहिरींतून येते. गर्दीच्या हंगामात डोंगरावरच्या कोणत्याही गावात पाणी आणि सांडपाणी, दोन्ही व्यवस्थांवर ताण पडतो. शिमल्यात २०१५-१६ च्या हिवाळ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने काविळीची मोठी साथ आली होती. हिपॅटायटिस ई ची कावीळ गर्भवतींना जिवावर बेतणारी ठरू शकते. तेव्हा सीलबंद किंवा उकळलेले पाणी प्यावे आणि रस्त्यावरची पाणीपुरी, चटणी, बर्फ टाळावा. या उंचीवर पाणी ९३-९४ अंशांनाच उकळते, तरी खळखळून उकळी आणली की जंतू मरतात. डाळ-तांदूळ शिजायला मात्र वेळ लागतो.

तळ्यात नाव हाकताना लाइफ जॅकेट फोटोपुरते नसते. थंड पाण्यात अचानक पडलेला माणूस आपोआप जोराने श्वास ओढतो आणि त्या एका श्वासात पाणी फुप्फुसात जाऊ शकते. पोहता येणाऱ्याचेही हेच होते. मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर त्या नावेत बसू नये.

औषधांची पिशवी

१८ सप्टेंबर १८८० रोजी नैनितालमध्ये दरड कोसळून १५१ माणसे गेली. हे डोंगर आजही तेवढेच ठिसूळ आहेत. ऑक्टोबर २०२१ मधल्या अतिवृष्टीत तळ्याचे पाणी मॉल रोडवर आले, रस्ते तुटले आणि नैनितालचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. म्हणजे पावसाळा टाळून गेले तरी परतीचा दिवस आपल्या हातात असेलच असे नाही. चार दिवसांच्या सहलीला किमान आठ-दहा दिवसांची औषधे न्यावीत. ती दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, एक संच सतत जवळ. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात टाकू नये आणि थंडीत गोठू देऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटचा हृदयालेख आणि औषधांची नावे यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत.

रुग्णालय कुठे आहे, हेही निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. नैनितालमध्ये बी. डी. पांडे जिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी खाली हल्द्वानीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुशीला तिवारी रुग्णालय आहे. अंतर सुमारे ४० किलोमीटर, पण ते घाटातले आणि हंगामात कोंडीचे. म्हणून छातीत दुखू लागल्यावर "सकाळपर्यंत बघू" म्हणायला तिथे जागा नाही.

भोवालीचा धडा

नैनितालपासून जवळच भोवालीला १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. कमला नेहरू उपचारांसाठी काही काळ तिथे होत्या. क्षयावर प्रभावी औषधे नव्हती, त्या काळात डॉक्टर रुग्णांना अशा ठिकाणी पाठवत. तिथे रुग्ण करत काय? मोकळ्या हवेत पडून राहत, वेळेवर जेवत, लवकर झोपत. डोंगरातल्या हवेने क्षय बरा होत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण डोंगरात गेल्यावर विश्रांती घ्यायची असते, एवढे तरी त्या काळाला कळत होते.

आजच्या सहलीत पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या माणसे ठिकाणे बघायला धावतात. शरीराला नव्या हवेची सवय व्हायची असते ती नेमकी त्याच दिवशी. त्या दिवशी चढ चढू नये, दारू टाळावी, पाणी पीत राहावे आणि हलके जेवावे. पुढच्या दिवसांत एक ठिकाण सकाळी, एक दुपारनंतर, एवढे पुरे.

आपल्या चित्रातल्या घरात सप्टेंबरअखेर आजोबांचे हिमोग्लोबिन साडेबारावर आले. ते पर्वती पुन्हा एका दमात चढू लागले आणि डॉक्टरांनी जायला हरकत नसल्याचे सांगितले. मुलाने वही पुन्हा उघडली. नैना शिखर सुमारे २६०० मीटरवर आहे आणि तिथवर चढण आहे, म्हणून तिथे तो, त्याची बायको आणि नात जाणार. आजी-आजोबा मल्लीतालहून रोपवेने २२७० मीटरवरच्या स्नो व्ह्यूला जाणार. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत तिथून नंदादेवी दिसते. हॉटेल मॉल रोडवरचे, चढ नसलेले, विजेच्या हीटरचे ठरले. अकरा ठिकाणांची पाच झाली.

पहिल्या दिवसापुढे मुलाने काहीच लिहिले नव्हते. नातीने ती मोकळी ओळ पाहिली आणि पेन्सिलीने लिहिले, "आजोबांबरोबर तळ्याकाठी बसणे."